मॉरिसच्या भांगावरचं कुंकू

अमेरिकेत कॅरी गावी मुलाकडे येऊन मला पाच महिने झाले होते. समोरच्या घरातला म्हातारा रोज सकाळी गॅरेज उघडून एका झाकलेल्या गाडीशी खटपट करत बसायचा. एक दिवस कापड काढलेलं होतं. मी खिडकीशी मेथी निवडत होते. जुडी हातात तशीच राहिली. फिकट हिरवी, गोल पाठीची मॉरिस मायनर होती.

आमचे हे मिरजेला एका डॉक्टरांकडे ड्रायव्हर होते. त्यांची गाडी हीच, फक्त काळी. बॉनेटच्या मधोमध वरपासून खालपर्यंत एक पट्टी असते. हे म्हणायचे, "हा हिचा भांग." दसऱ्याला गाडी धुऊन झाली की पूजेला मला बोलवायचे. भांगावर हळदकुंकू, पुढे झेंडूची माळ, चाकाखाली लिंबू. मग हे गाडीत बसून लिंबावरून चाक न्यायचे आणि मी बाजूला उभी. त्या गाडीत मी कधीच बसले नाही. हे म्हणायचे, "मालकांना एकदा विचारतो आणि तुला पुढे बसवून वाडीला देवदर्शनाला नेतो." विचारायला हे माझ्याहून लाजरे. पुढे गाडी विकली गेली, आणि काही वर्षांनी हेही गेले.

परत जायला तीन आठवडे उरले होते. त्या गाडीत एकदा पुढे बसावं, एवढंच मनात होतं. फोन कार्डावरून बहिणीला सांगितलं, तर ती म्हणाली, "मग बस की जाऊन. तुला कोण अडवतंय?" तिला काय जातं बोलायला.

दसऱ्याला मुलगा-सून ऑफिसला आणि नात शाळेत. समोरचं गॅरेज उघडं होतं, म्हातारा घरात गेलेला. हे गेल्यापासून मला पूजेला कोणी पुढे केलं नव्हतं. मी करंडा घेऊन रस्ता ओलांडला, भांगावर हळद लावली, कुंकू लावलं, आणि मागे न बघता परत आले.

संध्याकाळी म्हाताऱ्याने बेल वाजवली. मला परत जाताना त्याने पाहिलं होतं. गाडीचा रंग नवा होता. पुसलं तरी डाग उरला होता.

"आई, अगं इथे दुसऱ्याच्या गॅरेजमध्ये असं शिरत नाहीत," मुलगा म्हणाला. "लोक पोलीस बोलावतात."

मी मान खाली घातली. नऊ वर्षांची नात म्हणाली, "बाबा, तो रागावला नाहीये. त्याला फक्त विचारायचंय, व्हाय देअर?"

मग मी भांगाचं सांगितलं, डॉक्टरांच्या गाडीचं आणि यांचंही. नात त्याला इंग्रजीत सांगत गेली. म्हातारा खुर्चीवर बसला आणि सावकाश बोलू लागला. लढाई संपल्यावर विलायतेत साध्या माणसांना परवडावी म्हणून ही गाडी काढली. पहिली तयार झाली तेव्हा बनवणाऱ्याला ती अरुंद वाटली. त्याने ती मधोमध उभी कापली, दोन्ही अर्धुकं चार इंच लांब सरकवून पाहिली, मग ती छान दिसली. ती पट्टी म्हणजे त्या जोडाची जागा. ते ऐकायला हे हवे होते.

तो उठताना काहीतरी म्हणाला. नात माझ्याकडे वळली. "आजी, तुला बसायचंय का, विचारतोय."

मुलगा नको म्हणायच्या आत मी चपला घातल्या.

डाग पॉलिशने निघेल, असं म्हणत त्याने मला दार उघडून दिलं. इथल्या गाड्यांना चाक डावीकडे, म्हणून माझ्या वाट्याला उजवी बाजू आली. मिरजेच्या गाडीत ती यांची जागा. समोर चाक नव्हतं, हात कुठे ठेवावेत कळेना. गाडी चालू झाली तसा तोच घरघराट. नात मागून म्हणाली, "आजी, तू रडतेयस?" मी नाही म्हटलं.

गल्लीच्या टोकाला तो उजवीकडे वळला, आणि माझा उजवा हात आपसूक खिडकीबाहेर गेला. वळताना हे तसाच हात काढायचे.