स्काय बेटावर अडकलेली म्हैस

रायपूरहून निघालो तेव्हा बॅगेत स्कॉटिश लोककथांची तीन जाड पुस्तकं होती. माझी बायको सुमती जाऊन आठ महिने झाले होते. ती गोष्टी सांगायची, मी वाचायचो. एकदा तरी तोंडी सांगितलेली गोष्ट नीट ऐकावी, एवढ्यासाठी हा खटाटोप.

स्काय बेटावर पोचेपर्यंत त्याचा वीट आला. बस चुकली. पाऊस आडवा, छत्री दोनदा उलटी झाली. खानावळीत भाज्यांचं सूप मागितलं, तर त्याला मटणाचा वास. "चवीपुरतंच आहे," वाढणारी म्हणाली.

दुपारी मोराग नावाच्या म्हाताऱ्या बाईंच्या स्वयंपाकघरात 'केली' (गाण्यागोष्टींची बैठक) होती. मी रेकॉर्डर काढला.

"ते आत ठेवा. कान आणलेत ना?"

त्यांनी सीलबाईची, म्हणजे कातडं उतरवून बाई झालेल्या आणि कोळ्याच्या घरी नांदलेल्या समुद्रातल्या सील प्राण्याची, गोष्ट सांगितली. कोळ्याने लपवलेलं आपलं कातडं सापडताच ती समुद्रात परत जाते. जाताना मुलांकडे वळून बघते, नेमक्या तिथे बाई चहा ओतायला थांबल्या. मी चडफडलो. पुस्तक असं थांबत नाही.

गोष्ट संपल्यावर म्हणाल्या, "आता तुमची."

"मी ऐकायला आलोय."

"पहिली यजमानाची, पुढची पाहुण्याची. इथली रीत आहे."

वाचलेली एकही आठवेना. आठवली ती सुमती लेकीला सांगायची ती. कुंभाराची म्हैस तळ्यात जाऊन बसते. कुंभार हाका मारतो, कुंभारीण ढेप दाखवते, पाटील दरडावतो. म्हैस हलत नाही.

"मग?"

"पुढचं माहीत नाही. मी शेजारच्या खोलीत वाचत असायचो."

"अहो, जनावर पाण्यात सोडून कोणी उठतं का?" मोरागबाई खरंच रागावल्या.

"दोर बांधायचा," शेजारचे अँगस म्हणाले.

"तुला आपली मेंढी ओढता येत नाही," त्यांची बायको म्हणाली, "म्हैस काय ओढतोस!"

अर्धा तास वाद चालला. मला तिघांचाही राग आला. ती सुमतीची म्हैस होती.

रायपूरला विमानतळावर लेक, मंजिरी, घ्यायला आली. शंकर नगरला घरी पोचेस्तोवर मला धीर धरवला नाही.

"आईची ते म्हैस पाण्याबाहेर कशी आली, सांग न वं."

"निकली ही नहीं, बाबा. मैं सो जाती थी, मम्मी वहीं रुक जाती थी."

"अन् दुसऱ्या दिवशी?"

"फिर शुरू से."

मोरागबाईंना हे कळवायला हवं. चार दिवस कागद पुढ्यात घेऊन बसतो आहे. 'म्हैस अजून पाण्यातच आहे', एवढं एक वाक्य. तेही पुरतं लिहून होत नाही.