आत्याबाईचा हॅन्डब्रेक

किस्से कोणी जमवत नाही हो, ते साचतात. आमच्या ऑफिसच्या जीपमध्ये सीटखाली काय काय साचायचं! एका पायाची चप्पल, तुरीच्या शेंगा, विड्यांचं भिजलेलं बंडल, कोणाचा तरी चष्मा. कोणी ठेवलं, कधी ठेवलं, विचारायची सोय नाही. किस्सेही तसेच. सत्तरच्या दशकात मी कारंज्याला बांधबंदिस्तीच्या ऑफिसात सर्व्हेअर होतो. शेतांच्या उतारावर मातीचे बांध घालायचे, पाणी अडवायचं, हे आमचं काम. पुढं जे सांगतो त्यात खोटं काहीच नाही. थोडं वाढलेलं असेल, पण ते जागच्या जागी वाढलेलं आहे. मी बाहेरून काही आणलेलं नाही!

तर जीप. लष्कराच्या लिलावातून आलेली. स्टिअरिंग डाव्या हाताला, दारं नाहीत, छत असून नसल्यासारखं. चारही चाकांना जोर द्यायचा एक वेगळा दांडा होता, त्याला आम्ही 'फोरव्हील' म्हणायचो. गाडीचं नाव आत्याबाई. कारण कुठं निघायचं म्हटलं की आधी रुसायची, मग खोकायची, आणि एकदा निघाली की कोणाचं ऐकायची नाही!

तिचा ड्रायव्हर नामदेव. उंच, काटकुळा, मिशीला तेल आणि तोंडाला कुलूप नाही. गाडी कशी सांभाळावी यावर असं भाषण द्यायचा की ऐकणाऱ्याला पायी जावंसं वाटावं.

"फोरव्हील कुटंबी चढते, राजेहो," तो म्हणायचा, "म्हणूनच थे उलटतेबी कुटंबी!"

आत्याबाईला कंडम करा, असा सूर वरच्या ऑफिसात अधूनमधून निघायचा. ती कंडम झाली तर नवी गाडी मिळणार नव्हती, आणि नामदेवची रवानगी रस्त्याच्या रोलरवर ठरलेली. रोलरचं नाव काढलं की त्याच्या मिशीतलं तेल वाळायचं.

"भाऊ, मले फाशी देऊन द्या, पर रोलर नको. शेळ्या पुढं निंघून जाते ना त्याच्या!"

*

आत्याबाई बटणावर कधी सुरू झाली नाही. पुढून लोखंडी हँडल घालून फिरवावं लागे. त्यात नामदेवचा पहिला नियम अंगठ्याचा. हँडल मुठीत धरायचं नाही, अंगठा बाकीच्या बोटांच्या बाजूलाच ठेवायचा. इंजिनानं उलटा झटका दिला तर हँडल हातातून निसटतं, अंगठा अडकून राहत नाही.

हे त्यानं मला इतक्यांदा सांगितलं होतं की मी ऐकणंच सोडून दिलं होतं.

एका सकाळी त्याला घाई होती, मला हौस होती. मी हँडल असं घट्ट धरलं जसं काही ते पळून जाणार आहे. आत्याबाईनं दिला झटका! मी बांधावर, हँडल बोरीच्या झुडपात, आणि अंगठा टोमॅटोएवढा.

पुढं पगाराच्या दिवशी उजव्या हाताला ही मोठी पट्टी. सही कशी करणार? डाव्या हाताचा अंगठा उठवायचं ठरलं. आमचा म्हातारा चपराशी गणपत जन्मभर अंगठाच उठवत आला होता. त्यानं शाईची डबी पुढं केली, माझ्यासाठी स्टूल पुसलं आणि म्हणाला, "या भाऊ, बसा. आमच्या लायनीत कोनी शिकेल मानूस येत नव्हता!"

*

आत्याबाईचं सगळ्यात खात्रीचं सेफ्टीचं साधन म्हणजे आमचे हेडक्लार्क बाबारावजी.

माणूस अत्यंत सज्जन, आणि वजनदार. उतारावर आडवी गाडी घातली की ती खालच्या अंगाला कलते. अशा वेळी सगळ्यांनी वरच्या अंगाला सरकायचं, हा नामदेवचा दुसरा नियम. बाकीचे सरकले काय आणि न सरकले काय! बाबारावजी सरकले की आत्याबाई सरळ.

"बाबारावजी, टेकडीकडं!" नामदेव ओरडला की ते फाइलीसकट टेकडीकडं. दुसऱ्या बाजूला उतार आला की, "बाबारावजी, आता इकडं!" असं करत करत त्यांनी अर्धा तालुका मोजून काढला.

एकदा डॉक्टरांनी त्यांना भात बंद करायला सांगितलं. नामदेव तडक दवाखान्यात!

"डाक्टरसायेब, यायचा भात बंद कायले करता? गाडीत माणसं बसते माह्या!"

सवय मोठी वाईट. एका रविवारी बाबारावजी एसटीनं कामरगावला लग्नाला चालले होते. खिडकीपाशी डोळा लागला. बस एका वळणावर कलली. बाबारावजी झोपेतच उठले, वाट ओलांडून पलीकडच्या बाकावर गेले आणि तिथं बसलेल्या दोन पाहुण्यांवर स्थानापन्न झाले. आरडाओरडा. कंडक्टर धावला.

"ओ काका, हे काय करून राह्यले?"

बाबारावजी डोळे न उघडता म्हणाले, "गाडी वाचवून राह्यलो!"

*

तिसरा नियम नाल्याचा. 'आधी माणूस, मंग गाडी.' पाणी किती खोल आहे, खाली खड्डा आहे का गोटे आहेत, हे आधी माणसानं चालून बघायचं. तो माणूस म्हणजे मी. बाबारावजींचं वजन गाडीत लागायचं, आणि नामदेव म्हणायचा, "म्या वाहून गेलो तं गाडी कोन चालवन?" माझ्या वाहून जाण्याबद्दल कोणाची काही तक्रार नव्हती!

पाण्यात घुसण्याआधी तो इंजिनाच्या पंख्याचा पट्टा काढून ठेवायचा. पंखा फिरला तर पाणी उडवतो आणि गाडी मधोमध बंद पडते. पलीकडं गेलं की पट्टा परत चढवायचा. विसरू नये म्हणून तो पट्टा गळ्यात घालायचा.

आम्ही रिठदकडं गेलो होतो. नाला कमरेएवढा नाही, पण गुडघ्याच्या वर. मी पुढं, आत्याबाई मागं. पलीकडं काठावर अख्खं गाव उभं. बांध घालणारे साहेब येणार म्हणून हार तयार. आमच्यात सगळ्यात रुबाबदार कोण दिसत होतं? मी ओला, बाबारावजी घामाघूम. लोकांनी हार घातला नामदेवच्या गळ्यात! झेंडूचा, चांगला गुडघ्यापर्यंत. नामदेवनंही 'नको नको' म्हणत मान पुढं केली.

भाषण झालं, चहा झाला, आम्ही निघालो. थोडं पुढं गेलो तर आत्याबाईच्या नाकातून वाफ! पट्टा चढवलाच नव्हता.

"पट्टा कुटं गेला?" नामदेव घाबरला. "इंजिन बसलं तं कंडम हाय भाऊ! रोलर पक्का!"

आम्ही सीट उचलल्या, झुडपं धुंडाळली, नाल्यापर्यंत परत चालत गेलो. बाबारावजी पाण्यात उतरले तशी नाल्याची पातळी वाढली. पट्टा नाही तो नाहीच. सगळे डोक्याला हात लावून बसलो. तेवढ्यात एक म्हैस आली आणि नामदेवच्या हारातले झेंडू खायला लागली. चांगली वीतभर माळ तिनं फस्त केली.

बाबारावजी शांतपणे म्हणाले, "नामदेव, थे म्हैस तुह्या पट्ट्यापर्यंत पोचली पाय!"

*

काळ्या मातीचा चिखल तुम्हाला माहीत आहे. तो चाकाला लागत नाही, चाक त्याला लागतं. पावसाळ्यात कारंज्याजवळच्या एका भाजीच्या मळ्यात आम्ही रुतलो. वांग्याच्या वाफ्याशेजारीच. मळ्याची मालकीण पार्वताबाई विळा घेऊन बांधावर उभी.

"बैल आनू का?" तिनं विचारलं.

नामदेवला ते फार लागलं. "मावशी, हे फोरव्हील हाय! चारही चाकाले ताकद असते याच्या."

"बरं बाप्पा," म्हणून ती वांगी तोडायला बसली.

नामदेवनं दांडा ओढला. आत्याबाई गरजली आणि आणखी खाली गेली. त्यानं पुढं-मागं केलं. ती अजून खाली. चारही चाकं गरगर फिरत होती आणि आमच्या अंगावर चिखलाचा सडा. शेवटी सीट जमिनीला टेकली. मी तर गाडीतून न उतरता सरळ चालत बाहेर आलो!

पार्वताबाईची टोपली भरली. तिनं विळा टोपलीत ठेवला, बैल जुंपले, आणि आत्याबाई गुपचूप वर आली.

नामदेव खाली मान घालून दोर सोडत होता. बाई म्हणाली, "तुह्याबी गाडीचे चार, माह्याबी बैलाचे चार. फरक एवढाच, माह्यावाले फिरत नाही, चालते!"

जाताना तिनं वांगी दिली. त्या वांग्यांची भाजी नामदेवनं खाल्ली नाही म्हणे. मी खाल्ली. झकास होती!

*

आता मुख्य गोष्ट. आत्याबाईला हॅन्डब्रेक नव्हता. म्हणजे दांडा होता, ओढला की कटकट आवाजही यायचा, पण चाकापर्यंत बातमी पोहोचत नव्हती. लष्करी गाडीचा सुटा भाग मिळणार कुठं? म्हणून चौथा नियम: चढावर गाडी उभी केली की आधी मागच्या चाकाला दगड, मग माणसं खाली.

दगडही साधासुधा नाही. नाल्यातून नामदेवनं निवडून आणलेला, काळा, एका अंगानं सपाट, दुसऱ्या अंगाला टायरच्या मापाचा खोलगा. त्याची जागा बाबारावजींच्या पायाशी. तो दगड लावला की आत्याबाई केसभर हलायची नाही.

कामरगावच्या अलीकडं एक खडा चढ आहे. तिथं आम्ही मोजणी करत होतो. एकाएकी गारा पडायला लागल्या. पळापळ, गाडीत उड्या, आणि दगड राहिला तिथंच!

काही दिवसांनी दगड न्यायला गेलो, तर काय? दगड रस्त्याच्या कडेला रोवून उभा केलेला. शेंदूर लावलेला. पुढं नारळ, उदबत्ती, वर पळसाच्या पानांची सावली! गौराबाई नावाची एक म्हातारी दिवा लावत होती.

"मावशी, हे काय?" मी विचारलं.

"काय म्हंजे? देव हाय! परवा आमच्या म्हातारबोवाची बैलगाडी चढावरून मांगं मांगं येऊन राह्यली होती. कडब्यानं भरेल. म्हतलं, गेला आता म्हातारा. तं या देवानं चाक धरलं, अन् गाडी जागच्या जागी थांबली!"

नामदेवचं घर बौद्ध झालं त्याला वीसेक वर्षं होत आली होती. तो बाजूला येऊन हळूच म्हणाला, "भाऊ, माह्या बापानं घरचे सारे देव बोचक्यात बांधून नदीत सोडले. अन् म्या नवीन करून ठेवला!"

"मग उचल आणि टाक गाडीत," मी म्हणालो.

त्यानं गौराबाईकडं पाहिलं. ती पदरानं दगड पुसत होती.

"राहू द्या," तो म्हणाला. "बुढ्याचा जीव वाचला ना. दुसरा पाहू."

दुसरा पाहिला, तिसरा पाहिला. एकही तसा बसला नाही.

*

आणि नेमकं त्याच हंगामात वरून तपासणी आली. मोठे साहेब स्वतः येऊन आत्याबाईला पाहणार, कंडम करायची की नाही ते जागेवर ठरवणार. नामदेव सकाळपासून गप्प. नामदेव गप्प! आम्हाला तर कोणी गेल्यासारखं वाटायला लागलं.

साहेब आले. कडक इस्त्री, जाड भिंगं. म्हणाले, "मी स्वतः चालवणार." सवयीनं उजवीकडून चढले, स्टिअरिंग शोधलं, मग डावीकडं सरकले. हँडल नामदेवनं मारलं, अंगठा बाहेर ठेवून. आत्याबाई पहिल्या झटक्याला सुरू! आम्ही एकमेकांकडं पाहिलं.

फोरव्हील पाहिलं. शेतातून नेली. उतारावर आडवी घातली. बाबारावजी न सांगता टेकडीकडं सरकले आणि साहेब म्हणाले, "वा, काय तोल आहे गाडीचा!"

मग साहेबांनी कामरगावचा रस्ता धरला आणि तो खडा चढ समोर आला.

"आता हॅन्डब्रेक," साहेब म्हणाले. "तो नसेल तर बाकीचं सगळं फुकट. चढावर गाडी थांबत नसेल तर मी आजच कंडम करणार."

नामदेव टुणकन खाली उतरला आणि मागं जाऊन हातवारे करायला लागला.

"घ्या सायेब, जरा पुढं... कडेनं घ्या, मांगून ट्रक आला तं... अजून हातभर... डावं चाक दाबा... बस! बस! तिथंच!"

साहेबांनी दांडा ओढला. कटकटकट! पायाचा ब्रेक सोडला. आत्याबाई कण्हली, मागं चार बोटं सरकली... आणि थांबली.

साहेबांनी सीटवर बसल्या बसल्या उड्या मारल्या. बाबारावजींनाही उड्या मारायला लावल्या. केसभर हलली नाही!

"कोण म्हणतं ही कंडम आहे?" साहेब खूश. "अजून कित्येक वर्षं चालेल. राहू द्या हिला, आणि ड्रायव्हरही हाच राहू द्या."

नामदेवच्या मिशीला परत तेल आलं. तेवढ्यात साहेब खाली उतरले आणि हात मागं बांधून गाडीभोवती चक्कर मारायला लागले. पुढून डावीकडं. डावीकडून मागं. बाबारावजी सवयीनं टेकडीकडं सरकले.

साहेब मागच्या चाकापाशी थांबले. खाली पाहिलं. शेंदूर, झेंडूचं फूल, आणि त्याला बिलगून आत्याबाईचं टायर. नामदेवकडं पाहिलं. पुन्हा खाली पाहिलं. मग बूट काढले, डोळे मिटून हात जोडले.

"कोणतं देवस्थान हे, नामदेव?"

नामदेवनं हात जोडले नाहीत. मिशीवरून बोट फिरवलं आणि म्हणाला,

"देव नवीन हाय, सायेब. पर आमची जुनी वळख हाय!"