झेनेकचा दिवा

हिवाळ्यात तीनचे ठोके पडले की लुद्विका कोट अंगावर चढवायची. मग घरात पाहुणे असोत, शेगडीवर बीटाचं सूप उकळत असो की अंगात ताप असो. आधी कोट, मग डोक्याला लोकरी रुमाल, मग बुटांच्या नाड्या, आणि सव्वातीनला ती फाटकाबाहेर. तिथून पॉप्लरच्या झाडांपाशी रस्ता वळतो त्या जागेपर्यंत तेराशे पावलं. अंधार पडायच्या आत तिथं पोचायचं, हा दंडक तिने स्वतःच स्वतःला घालून घेतला होता. अकरा वर्षांत तो दोनदाच मोडला. एकदा गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी ती शहरात होती तेव्हा, आणि एकदा बर्फाने दार उघडेना तेव्हा. दोन्ही वेळा शेजारचा हिपोलित जाऊन आला, आणि दोन्ही वेळा "खरंच लावलास ना दिवा?" असं तिने त्याला इतक्यांदा विचारलं, की तो म्हणाला, "लुद्विका, पुढच्या खेपेला फादरांच्या सहीशिक्क्याचा दाखला घेऊन येतो."

वळणावर कमरेइतक्या उंचीचा लोखंडी क्रूस होता. रस्त्यावर माणूस गेला की त्या जागी क्रूस उभारायची आमच्याकडची रीत आहे. पायथ्याशी तांबड्या काचेचा दिवा. बाकीचे लोक असा दिवा मृतांच्या दिवशी लावतात, फार तर वर्षश्राद्धाला. लुद्विका रोज लावायची.

क्रूस तिच्या मुलाचा होता. झेनेकचा.

झेनेक गेला तेव्हा चोवीस वर्षांचा होता. चार किलोमीटरवरच्या लाकूड कापायच्या कारखान्यात कामाला होता, आणि वडिलांच्या जुन्या काळ्या सायकलवरून ये-जा करायचा. सायकल रेड्यासारखी जड. त्यात डायनॅमो चाकाला लावला की आणखी जड, म्हणून नदीवरच्या पुलाचा चढ आला की गावातला जो तो डायनॅमो पायाने मागे ढकलायचा आणि काळोखात चढायचा. चढ संपल्यावर परत लावायचा, आठवण राहिली तर. पण त्या दिवशी तोही प्रश्न नव्हता, कारण बल्बच गेला होता.

चौदा नोव्हेंबर, गुरुवार. पहाटेपासून भुरभूर पाऊस. झेनेक दारात उभा राहून म्हणाला, "आई, बल्ब गेलाय. आज बसने जातो."

"बसने आलास तर घरी पोचायला सहा वाजतील. तळघरात बटाटे कोण उतरवणार? मी?"

"उद्या उतरवतो ना."

"चार किलोमीटर तर आहेत! तुझे वडील चाळीस वर्षं दिव्याशिवाय गेले-आले, त्यांना कुणी खाल्लं नाही. गाडी आली तर तिचे दिवे दिसतात की लांबून."

झेनेक हसला, पावाची पुरचुंडी खिशात कोंबली आणि सायकल घेऊन निघाला.

गाडीचे दिवे सायकलवाल्याला लांबून दिसतात, हे खरंच आहे. चूक इतकीच, की ती आपल्याला दिसते म्हणजे तिलाही आपण दिसतो, असं माणूस धरून चालतो. संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी झेनेकने मागून येणारा उजेड पाहिला असेल, आपली सावली पुढे रस्त्यावर लांबत गेलेली पाहिली असेल, आणि निर्धास्त पायडल मारत राहिला असेल. गाडीवाला दुसऱ्या जिल्ह्यातला होता. प्यायलेला नव्हता, वेगातही नव्हता. कोर्टात तो रडत म्हणाला, "आधी नुसता काळोख होता, आणि मग काचेवर माणूस होता." त्याला सोडून दिलं. लुद्विकाला त्याचा राग करायचा होता, पण राग धरायला त्याच्यात काही सापडलं नाही. मग दोष फिरून फिरून तिच्याच दाराशी आला. बटाट्यांची गोष्ट तिने कुणाला सांगितली नाही. मुलीला नाही, आणि कबुलीच्या खिडकीशी गुडघे टेकून फादरांनाही नाही.

तिथून तिचं आयुष्य त्या तेराशे पावलांत अडकलं. मुलगी बोझेना शहरात राहायची. तिसऱ्या मजल्यावरची उबदार खोली तिने आईसाठी रिकामी ठेवली होती. दर रविवारी फोन यायचा.

"आई, कधी येतेस?"

"दिव्याचं काय करू?"

"थडग्यावर आहे की दिवा! सगळ्यांचे थडग्यावरच असतात."

"थडग्यात तो अंधारात नाही, बोझेना. अंधारात तो इथं होता."

त्यावर बोझेना नातवंडांच्या खोकल्याकडे वळायची.

रविवारच्या प्रार्थनेनंतर लुद्विका चर्चच्या कुंपणापाशी उभी राहायला लागली. तिथं भिंतीला टेकून तीस-चाळीस सायकली उभ्या असायच्या. ती वाकून एकेकीचा मागचा दिवा तपासायची. नसला तर मालकाला गाठायची. पुढे ती पिशवीतून दिवे आणि पेचकसच घेऊन यायला लागली. लोक हसायचे. "लुद्विकाकाकू, माझी गाय पण रात्री बाहेर पडते, तिच्या शेपटीला एक लावा!" असं कुणी म्हणालं की ती म्हणायची, "आण तिला. तुझ्यापेक्षा ती लवकर ऐकेल."

सगळ्यात हट्टी हिपोलित. सत्तरीचा विधुर, चर्चची घंटा वाजवायचा, मधमाश्या पाळायचा. आठ वर्षं त्याने तिला दाद दिली नाही. "माझी सायकल घोड्यासारखी आहे. डोळे मिटले तरी घरी जाते." शेवटी एका रविवारी तो वर मनोऱ्यात घंटा वाजवत असताना तिने खाली त्याच्या कॅरियरला दिवा आवळून टाकला. तो खाली आला, पाहिलं, आणि म्हणाला, "घंटा वाजवणाऱ्याच्या पाठीमागे चोरी होते हे ऐकलं होतं. आहेर होतो हे आज कळलं." ओरडला पुष्कळ, पण दिवा काढला नाही. त्यानंतर गावात दिव्याशिवाय एक सायकल उरली नाही.

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर बोझेनाने बॅटरीवरचा दिवा आणला. तांबडा, लुकलुकणारा, सायकलींच्या मागे असतो तसलाच, तीन महिने चालणारा. "आता रोज जायला नको, आई." काचेच्या दिव्याऐवजी लुद्विकाने तो क्रूसाला तारेने बांधला, आणि तरीही रोज गेली, पेटलेला आहे ना ते पाहायला. रस्त्यावरून जाणारे त्याला झेनेकचा दिवा म्हणू लागले. धुक्यात वळण कुठं आलं ते त्याच्यावरून कळायचं. पावाची गाडी चालवणारा इरेक एकदा दुकानात म्हणाला, "काकू, तुमच्या झेनेकमुळे मी दोन हिवाळे खड्ड्यात गेलो नाही." त्या दिवशी घरी येताना लुद्विकाचा गुडघा दुखला नाही. मुलगा कुणाच्या तरी कामी येत होता.

डिसेंबरच्या नऊ तारखेला दुपारपासून धुकं उतरलं. साडेचारला सायकलवरून घंटा वाजवायला निघालेल्या हिपोलितला पावाच्या गाडीने वळणाच्या अलीकडे उडवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी इरेक लुद्विकाच्या दारात आला. टोपी हातात पिळत होता. आत ये म्हटलं तर येईना.

"वाचलाय तो," इरेक म्हणाला. "खुबा मोडला, दोन बरगड्या. काकू, मी प्यायलो नव्हतो हो."

"मी विचारलं का?"

"त्याचा दिवा दिसला मला. चांगला लांबून दिसला. म्हणून तर." तो अडखळला. "मला वाटलं, झेनेकचा. झेनेकचा दिवा म्हणजे रस्त्याबाहेर, म्हणजे तिथं कुणी नाही. म्हणून ब्रेकवर पायच ठेवला नाही मी. जवळ गेलो तर दिवा हलला."

लुद्विकाने विचारलं, "दिवा नसता तर?"

"कुठला?" इरेकने विचारलं.

गावात कुणी तिला टाकून बोललं नाही. सगळे सल्लेच देत होते. कुणी म्हणालं निळा लावा, कुणी म्हणालं लुकलुकणारा नको. ती ऐकायची, मान हलवायची आणि तीन वाजता कोट घालायची. दिवा ठेवावा तर उद्या कुणाचं पोर धुक्यात त्याच्या नावाने चिरडलं जाईल. काढावा तर झेनेकला दुसऱ्यांदा दिव्याशिवाय त्या रस्त्यावर ठेवायचं, आणि तेही पुन्हा तिनेच. रात्री ती दोन्ही बाजूंनी विचार करून पाहायची, आणि दोन्हीकडून त्याच भिंतीला डोकं आपटायचं.

बारा तारखेला सकाळच्या बसने ती इस्पितळात हिपोलितला भेटायला गेली. तो पाठीवर पडून छताकडे बघत होता.

"आलीस? तपासायला आली असशील, तर तुझा दिवा फुटला नाही. मला उचललं तेव्हा गवतात लुकलुकत होता म्हणे. माल चांगला होता."

"थट्टा नको, हिपोलित."

"खुबा हलत नाही, निदान जीभ तरी हलू दे."

लुद्विका खुर्चीवर बसली, पिशवी मांडीवर घेतली, आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा ते बोलली. बल्ब, बस, बटाटे, चार किलोमीटर. पिशवीच्या बंदाकडे बघत, सामानाची यादी वाचावी तशी.

हिपोलितने परत छताकडे पाहिलं. "चार किलोमीटर तर आहेत," तो म्हणाला. "माझी बायको म्हणायची. तुझा नवरा म्हणायचा. मी तर तुलाच आठ वर्षं म्हणत होतो. गावात कुणी म्हटलं नाही ते सांग."

"पण त्या दिवशी मी म्हटलं."

त्याने मान तिच्याकडे वळवली. "हो," तो म्हणाला. "त्या दिवशी तू म्हटलंस."

तिला बरं वाटलं नाही. पण इतकी वर्षं तिच्याशी खरं कुणी बोललं नव्हतं, एवढं तिला कळलं.

"दिवा काढू का?"

"मला विचारू नकोस. मी काढ म्हटलं, तर जन्मभर म्हणशील हिपोलितने काढायला लावला."

परतीच्या बसला उशीर झाला. ती फाट्यावर उतरली तेव्हा अंधार पडून गेला होता. दंडक तिसऱ्यांदा मोडला होता. ती घाईघाईने वळणाकडे चालू लागली. धुक्यात पुढे तांबडा ठिपका लुकलुकत होता. पेटलेला आहे, तिने मनात म्हटलं, आणि छाती जरा हलकी झाली. तेवढ्यात ठिपका सरकला. पुलाच्या बाजूला गेला, वर चढला, दिसेनासा झाला. कुणीतरी कामावरून घरी चाललं होतं. लुद्विका रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. ज्या बाईने तो दिवा स्वतःच्या हाताने बांधला होता, तिलाच तो ओळखता आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सेंट लूसीचा सण होता. त्या दिवसापासून उजेड तिळातिळाने वाढतो असं आमच्याकडच्या म्हाताऱ्या म्हणतात. तीन वाजता तिने कोट घातला, पण फाटकाकडे न जाता गोठ्यात गेली. गाय केव्हाच विकली होती. कोपऱ्यात पोत्यांमागे झेनेकची सायकल होती. पोलिसांनी परत केली तेव्हा मागचं चाक वाकडं होतं. हिपोलितने ते न विचारता सरळ करून दिलं होतं, पण पुढे त्या सायकलला कुणी हात लावला नव्हता. दोन्ही टायर बसलेले. तिने ती बाहेर काढली आणि हातात धरून तेराशे पावलं चालवत नेली. अर्ध्या वाटेत दोनदा थांबावं लागलं.

वळणावर पोचेपर्यंत संधिप्रकाश सरला होता. तिने हातमोजे काढले. तार गंजली होती, बोटांना रक्त आलं. दिवा सुटला तेव्हा क्रूस एकदम काळा झाला. तिने तिकडे पाहिलं नाही. दिवा सायकलच्या कॅरियरला मागे तोंड करून बांधला, ओढून पाहिला, चर्चच्या कुंपणापाशी पाहायची तसा. मग सायकल वळवली आणि घराकडे निघाली.

मागून गाडी आली तेव्हा ती पुलाच्या अलीकडे होती. तिची आणि सायकलची सावली पुढे लांबत गेली. लुद्विकाचे पाय थबकले, पण ती वळली नाही. गाडीचा आवाज लांबूनच उतरला. मग आणखी उतरला. पावाची गाडी अख्खा रस्ता सोडून पलीकडच्या कडेने, माणसाच्या चालीने तिच्या शेजारून पुढे गेली, आणि वासाने तिला कळलं की आज राय धान्याचा काळा पाव आहे.

"दिसलास, झेनेक," ती म्हणाली.

घरी येऊन तिने सायकल गोठ्यात भिंतीला टेकवली आणि दार लावून घेतलं. दिवा बंद केला नाही.

रविवारी बोझेनाचा फोन आला. गावातून तिच्या कानावर गेलंच होतं. "आई, आता तरी येशील ना?"

"बघू," लुद्विका म्हणाली.

तीन वाजले होते. तिने कोट घातला, रुमाल बांधला, बुटांच्या नाड्या बांधल्या. मग खिडकीजवळच्या खुर्चीत तशीच बसली. बाहेर काळोख पडला. गोठ्याच्या फळ्यांच्या फटीतून तांबडा उजेड यायचा, जायचा, परत यायचा. तो पुरता दिसू लागल्यावर तिने उठून कोट काढला.