शेवटच्या पंगतीचा बैल

पिंगळीच्या सटवाजीला परभणीच्या जनावरांच्या दवाखान्यात लागून अकरा वर्षं झाली होती. पाटीवरची उर्दू जाऊन मराठी आली, मुंबईचं राज्य आलं. पण लोक दवाखान्याला सलोत्रीच म्हणत, आणि सटवाजीच्या हातचा खलही तोच राहिला.

त्याचं काम ऐकून जेवणाऱ्याचा घास थांबायचा, अन् हा गडी नेमका जेवतानाच सांगायचा. बुळकांडी या गुरांच्या जीवघेण्या साथीची लस बकऱ्याच्या अंगात वाढायची. बकऱ्याला टोचायचं, पाचव्या-सहाव्या दिवशी ताप भरला की कापायचं. लस साठायची पाणथरीत, म्हणजे प्लीहेत. ती खलात घोटायची, मिठाच्या पाण्यात कालवायची आणि उकळलेल्या मलमलीतून दोनदा गाळायची. चोथा राहिला तर सुई तुंबते, बैलाच्या मानेला गळू धरतं. थोडी लस फडक्यातच अडकायची. "ऱ्हाऊ द्यायची," सटवाजी म्हणायचा, "पन फडकं पिळायचं न्हाई."

सत्तावन सालच्या उन्हाळ्यात बुळकांडी पिंगळीतच शिरली. डॉक्टर दिनकरराव आणि सटवाजी बर्फात पाणथरी घेऊन रेल्वेनं आले. कालवलेली लस उन्हाळ्यात टिकत नाही, म्हणून शाळेच्या ओसरीवरच खल मांडला. बैलांची रांग लागली. सटवाजीची बायको झुंबरबाई हरण्या-मोत्याला घेऊन सगळ्यांच्या पुढं उभी.

"मागं ने," सटवाजी म्हणाला.

"आवं, दवा तुमी करायची अन् आपलेच बैल मागं?"

"वाढप्या कवा पयल्या पंगतीला बसलाय का?"

शेजारचा मुंजाजी आपला बैल पुढं घेत हसला. "वैनी, वाढप्याला भांड्याच्या तळाची खरवड तरी भेटतीच की."

झुंबरबाई मागं गेली. दिवस कलेपर्यंत टोचणं चाललं. मोत्याला टोचलं आणि बाटली संपली. हरण्या तेवढा राहिला.

दिनकररावांनी फडक्याकडं पाहिलं. "सटवाजी, पिळ. एका बैलापुरती निघंल."

सटवाजीनं फडकं हातात घेतलं. ओसरीखाली सगळा गाव उभा होता.

"न्हाई साहेब. कुनाला पिळून दिली न्हाई."

त्यानं ते उकळत्या पाण्यात टाकलं. झुंबरबाईनं हरण्याचा कासरा धरला आणि घरची वाट धरली.

दुसरा बकरा परभणीत त्याच सकाळी टोचला होता. तो तापायच्या आत हरण्याचे डोळे गळायला लागले, मग त्यानं वैरण सोडली. सहाव्या दिवशी तो गेला.

"आधीच लागण असंल," परभणीत निरोप ऐकून दिनकरराव म्हणाले. "टोचूनबी वाचला नसता."

"जी," सटवाजी म्हणाला.

त्याच दिवशी बकऱ्याला ताप भरला होता. सटवाजीनं पाणथरी घोटली, दोनदा गाळली, फडकं पिळलं नाही. संध्याकाळच्या गाडीनं घरी आला. गोठ्यात झुंबरबाई एकाच बैलाची वैरण टाकत होती. तिनं हात धुऊन ताट वाढलं. सटवाजी जेवला. त्या दिवशी त्यानं कामाचं काहीच सांगितलं नाही.