सगळ्यांची पासष्ट

बायजाबाईचा रिपोर्ट माझ्या हातात होता. त्यावर आकडे होते पासष्ट, तीस, तीन, दोन. आधीच्या रुग्णाचेही तेच, त्याच्या आधीच्याचेही तेच. मी रजिस्टर मागं मागं चाळत गेले. महिनाभर अख्ख्या तालुक्याचं रक्त एकसारखं होतं.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. परभणी जिल्ह्यातल्या एका सरकारी दवाखान्यात मी लॅब टेक्निशियन म्हणून नवीनच लागले होते. रक्ताचा पातळ थर काचेच्या स्लाइडवर पसरायचा, रंगवायचा आणि मायक्रोस्कोपखाली शंभर पांढऱ्या पेशी मोजून कोणत्या जातीच्या किती ते लिहायचं, हे आमचं काम. त्यातल्या पॉली नावाच्या पेशी निरोगी माणसात साधारण पासष्ट असतात. अंगात जंतू शिरले की त्याच आधी धावतात, म्हणून त्यांचा आकडा वाढतो.

बायजाबाई चारठाण्याकडची, मेंढरं राखणाऱ्या घरातली. आठ दिवस ताप. रिपोर्ट नॉर्मल, म्हणून डॉक्टरसाहेब मलेरियाच्या गोळ्या देत होते. तिच्या नवऱ्यानं मला व्हरांड्यात गाठलं. "बाई, रिपोर्टात काईच न्हाई म्हनायलेत. मग ही उठना का?"

मी सकाळची स्लाइड शोधली. ती रंगवलेलीच नव्हती. सीनियर रंगनाथरावांना जाब विचारला, तर ते शांतपणे सुपारी कातरत म्हणाले, "ताई, रोज चाळीस कागद निघतात. सगळ्यांची पासष्टच असतात."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. स्लाइड रंगवली, मोजली. पॉली नव्वद. तशीच बायजाबाईकडे गेले आणि कुठं दुखतं ते खोदून विचारलं. गावात इंजेक्शनं देत फिरणाऱ्या एकानं तिच्या मांडीत सुई टोचली होती. मांडी टणक, तापलेली. डॉक्टरांना का नाही सांगितलं?

"गड्यामानसाला मांडी कशी दाखवू, बाई?"

दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवल्यावर डॉक्टरसाहेबांचा चेहरा उतरला. मी बायजाबाईशेजारी उभी राहिले, तेव्हा तिनं मांडी दाखवली; त्यांनी लगेच तपासून चीर दिली. वाटीभर पू निघाला. त्याचा थेंब रंगवून मी मायक्रोस्कोपखाली पाहिला. पॉलींच्या पोटात जंतूंचे झुपके होते. ही पेशी जंतूला चहूबाजूंनी वेढून गिळते, आतल्या रसांनी विरघळवते आणि पुष्कळदा स्वतःही मरते. पू म्हणजे मुख्यतः अशा मेलेल्या पेशी. आठ दिवस त्या बाईच्या अंगात हे चाललं होतं आणि आम्ही सगळं ठीक आहे असं लिहून खाली सही ठोकली होती. मला पुवाची किळस आली नाही, त्या सहीची आली.

बायजाबाई आठवडाभरानं आपल्या पायांनी घरी गेली. मला मेमो मिळाला, सीनियरच्या कामात विनापरवानगी ढवळाढवळ केल्याबद्दल. रंगनाथरावांना तोंडी समज.

मग मी चार दिवस रजेवर होते. परतल्यावर आधी रजिस्टर उघडलं. पासष्ट कुठंच नव्हतं. कुणाचे बासष्ट, कुणाचे अडुसष्ट, एकाचे तर एकाहत्तर. बरं वाटलं. मग स्लाइड रंगवायच्या रंगाची बाटली उचलली. जाताना होती तेवढीच भरलेली.

तेव्हापासून कुठल्याही लॅबमध्ये गेले की मी रजिस्टर नंतर बघते, बाटली आधी.