झऱ्याची पाटी

परवा सोसायटीच्या गेटला तेलरंग लावत होते. तो वास नाकात शिरला आणि मी पालेगावच्या झऱ्यावर जाऊन उभी राहिले. सातवीतली, दोन वेण्या घातलेली.

झऱ्याची सरकारदरबारी नोंद व्हावी म्हणून आमच्या वर्गाने वर्षभर अर्ज केले होते. एक सरकारी साहेब तपासणीसाठी बाटलीत पाणी भरून घेऊन गेले आणि काही महिन्यांनी कागदात गुंडाळलेली पाटी आली. बाईंनी ती तशीच रोवून घेतली. अनावरणाचा मान मला, कारण माझा आवाज मोठा. मी ऐटीत कागद ओढला आणि खणखणीत वाचलं, "नैसर्गिक झरा. पाणी पिण्यास अयोग्य." वर टाळ्याही वाजवल्या.

इथवर आमच्या घरात सगळे हसतात. पुढचं मी सहसा सांगत नाही.

माझ्या वर्गातल्या कमळीची आई रोजच्यासारखी हंडा घेऊन आली होती. त्यांच्या पाड्यावर नळ नव्हता. तिने मला विचारलं, "मंग चांगला पानी कुठं हाय, ता बी लिवलाय का गो?"

मी खरंच पाटीची मागची बाजू बघून आले. कोरी होती.

तिने पदर खोचला आणि हंडा भरून घेतला.