दोन वर्षं न थांबलेला सर्व्हर

मिहानच्या आयटी पार्कबाहेरच्या तर्री-पोह्याच्या ठेल्यावर आम्हा संगणकवाल्यांची रोज जुंपायची. सर्व्हरसाठी विंडोज भरवशाचं की लिनक्स? शेजारी मांडीवर हेल्मेट घेऊन एक काका बसायचे. पोह्यांवर लिंबू पिळायचे, मग त्यात पडलेल्या बिया एकेक करून वेचायचे.

त्या दिवशी मी पेटलो होतो. "आमचा लिनक्स सर्व्हर दोन वर्षांत एकदाबी बंद नाही केला! आहे का कोणाच्या विंडोजची हिंमत?" मी जिंकलो होतो!

काकांनी शेवटची बी बाजूला ठेवली. "बंदच नाही केला, तर सुरक्षेचे अपडेट लागले कसे गा? रीस्टार्ट नको काय त्याले?"

पोहे तसेच टाकून मी ऑफिसात धावलो. सगळ्या ग्राहकांची माहिती त्याच सर्व्हरवर होती, आणि दोन वर्षांचे अपडेट रीस्टार्टची वाट पाहत होते. रीस्टार्टचं बटण दाबलं. स्क्रीन काळी झाली. बऱ्याच वेळाने सर्व्हर उठला आणि मी एकटाच टाळ्या वाजवत सुटलो!

काकांचं नाव मी अजून विचारलेलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनीच विचारलं, "कधीपासून चालू हाय गा सर्व्हर?"

मी छाती फुगवून सांगितलं, "कालपासून!"